चाचपणी

शुभम म्हणाला, "उत्तर मिळालं ना? मग उडवून टाक," आणि गीतांजलीने सगळ्यांच्या देखत दोन दिवसांचं काम पुसून टाकलं. बटण दाबलं, पडद्यावर खात्री विचारली गेली, तिने होकार दिला, संपलं. बाजूच्या खुर्चीतली प्राजक्ता हळहळली, "अरेरे, एवढी मेहनत!" गीतांजलीलाही वाईट वाटायला हवं होतं. दोन दिवस ती त्या कामात इतकी बुडालेली होती की डबा उघडायचं भान राहिलं नव्हतं. पण वाटलं ते भलतंच. जड पिशवी घेऊन लांब चालल्यावर कुणीतरी ती हातातून काढून घ्यावी आणि आवळलेल्या बोटांत झिणझिण्या याव्यात, तसं काहीतरी. ती चक्क खूश झाली होती. आणि या खुशीनेच ती दचकली.

काम तसं साधं होतं. अमरावतीतली ही छोटी कंपनी भाजी आणि फुलं पिकवणाऱ्यांसाठी एक अॅप करत होती. शेतकऱ्याला टाइप करायला लावण्यापेक्षा त्याने नुसतं बोलावं आणि फोनने लिहून घ्यावं, अशी कल्पना निघाली. पण फोनला वऱ्हाडी कळेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा वेळी त्यांच्या धंद्यात एक पद्धत आहे, तिला स्पाइक म्हणतात. एकच प्रश्न घ्यायचा, त्याला थोडी मुदत बांधून द्यायची आणि तेवढ्या वेळात जमेल तसं, ओबडधोबड करून बघायचं. मुदत संपली की थांबायचं. वस्तू बनवायची नसते, बनेल की नाही एवढंच बघायचं असतं. आणि बघून झालं की केलेलं फेकून द्यायचं, कारण घाईत रचलेल्या भिंतीवर उद्या कुणीतरी माडी चढवायला जातं. गीतांजलीने चांदूर बाजारला वडिलांना फोन लावून बोलायला सांगितलं होतं. वडिलांचं, गोवर्धनजींचं, सगळं आयुष्य शेवंती आणि गेंदा, म्हणजे झेंडू, पिकवण्यात गेलेलं. बहिऱ्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसे ते ओरडले, "उद्या दोन पोते गेंदा आणून राह्यलो!" यंत्राने लिहिलं, उद्या दोन पोते गेंडा आणून राहील ओ. सगळं ऑफिस हसलं, तीही हसली. आणखी कितीतरी आवाज ऐकवून झाल्यावर उत्तर निघालं ते असं, की आत्ता तरी जमणार नाही. शुभम वयाने तिच्याहून लहान आणि हुद्द्याने मोठा. तो टाळी वाजवून म्हणाला, "बढिया! अख्खं वर्ष वाया जाणार होतं, वाचलं."

वाया. संध्याकाळी स्कूटी चालवत खोलीवर परतताना तो शब्द तिच्या मागच्या सीटवर बसून आला. तिच्या घरात हा शब्द एकाच गोष्टीसाठी वापरला जाई. पुण्यातलं तिचं लग्न वर्षभरही टिकलं नव्हतं, आणि ती दोन बॅगा घेऊन परत आली तेव्हा तिच्या आईने, तानुबाईने, दारातच कपाळाला हात लावला होता, "पोरीचं आयुष्य वाया गेलं वो." पुढे कितीतरी वर्षं, निंदणाला बसलेल्या बायकांपासून लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्यांपर्यंत, जो तो तेच म्हणत होता. उत्तर मिळालं, बढिया, असं कुणी म्हटलं नाही. खरं तर उत्तर पहिल्या पंधरवड्यातच मिळालं होतं. पुण्याच्या त्या घरात नवरा रागावला की बोलणं बंद करायचा. ओरडणं नाही, हात उगारणं नाही, फक्त गप्प. त्या गप्पपणात फ्रिजची घरघर ऐकू यायची, खालच्या मजल्यावरचा मिक्सर ऐकू यायचा, आणि तो पाण्याचा पेला टेबलावर ठेवायचा तो आवाज तिला मणक्यात लागायचा. सासू वाईट नव्हती. ती फक्त दुरुस्ती करायची. "मले नाही गं, मला." गीतांजली बोलता बोलता अर्ध्या शब्दावर अडखळायला शिकली, आणि मग अडखळावं लागू नये म्हणून कमी बोलायला शिकली. लाल सिग्नलला उभी असताना तिच्या मनात आलं, त्या लग्नाला कुणी मुदतच बांधून दिली नव्हती. प्रश्नही कुणी विचारला नव्हता. एकदम माडी चढवायला घेतली होती.

आता पुन्हा माडीचं बोलणं चाललं होतं. आत्याने, पार्बताबाईने, अकोल्याचं स्थळ आणलं होतं. किशोर, तिथल्या कृषी विद्यापीठात बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला, चाळिशीचा. बायको, साधना, चार वर्षांपूर्वी आजारात गेलेली, मूलबाळ नाही. घरी तो आणि वडील, खुशालराव. बघण्याचा कार्यक्रम अकोल्याला झाला. आठ माणसं, पोहे, चिवडा, पंख्याचा आवाज. मग "जा, गच्चीवर बोलून या दोघं" असं म्हणून त्यांना वर धाडण्यात आलं. गच्चीवर पाण्याची काळी टाकी होती, वाळत घातलेलं एक धोतर होतं आणि बोलायला काहीच नव्हतं. त्याने विचारलं, "तुमाले काही विचाराचं आहे का?" आणि तिला एवढंच सुचलं, "इकडे पाऊस कसा आहे यंदा?" परत येताना बसमध्ये पार्बताबाई म्हणाली, "दोघंबी समजदार हाये. आता काय पाह्यचं राह्यलं?" गीतांजली खिडकीबाहेरच्या काळ्या रानाकडे बघत राहिली. पाह्यचं सगळंच राह्यलं होतं. त्याचे कान मोठे होते आणि चप्पल काढल्यावर त्याने ती सरळ करून ठेवली होती, याहून अधिक तिला काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसच्या जिन्यात उभं राहून त्याला फोन केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. भेटायचं, पण दर भेटीला एकच प्रश्न. प्रश्न आळीपाळीने ठरवायचा. तासभराचा अलार्म लावायचा, वाजला की तिथेच थांबायचं. एका भेटीतलं काही दुसऱ्या भेटीत ओढून आणायचं नाही.

"म्हणजे परीक्षा घेऊन राह्यल्या तुमी माही?" किशोरने विचारलं. आवाजात राग नव्हता, नवल होतं.

"परीक्षेत पास-नापास असतं. यात फक्त कळतं."

"अन् कळल्यावर?"

"कळलं तेवढं ठेवायचं. बाकी टाकून द्यायचं."

"आमी बियाणं असंच पाह्यतो," तो म्हणाला. "ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाचं अन् किती उगवलं ते पाह्यचं. पण एक सांगू? उगवलेलं फेकाले मले अजून बी जिवावर येते."

पहिला प्रश्न तिचा होता. आपल्याला एकमेकांसोबत न बोलता बसता येतं का? दोघांना सारखं अंतर पडावं म्हणून त्यांनी मूर्तिजापूर निवडलं, आणि रविवारी सकाळी तिथल्या फलाटावर, टोकाच्या बाकावर, ते शेजारी शेजारी बसले. सुरुवातीला गीतांजलीचे खांदे आपोआप वर आले. गप्प पुरुष शेजारी बसला की शरीर आपणहून पेल्याच्या आवाजाची वाट बघायला लागतं, हे तिला इतक्या वर्षांनी तिथे कळलं. ती वाट बघत राहिली. एक मालगाडी गेली, डब्यामागून डबे. एका बाईने बोरं विकायला आणली, किशोरने बोटाने खूण करून घेतली, कागदाचा पुडा दोघांच्या मध्ये ठेवला. तो बोरं खाताना बिया मुठीत जमवत होता. त्याच्या उजव्या टाचेने एक ठेका धरला होता, मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. तिला वाटलं, हा माणूस गप्प आहे, पण बंद नाही. या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे तिला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. तिचे खांदे कधी खाली आले ते तिला कळलं नाही. अलार्म वाजला तेव्हा किशोर दचकून म्हणाला, "झाला बी?" आणि मुठीतल्या बियांचं काय करावं ते न कळून त्याने त्या शर्टाच्या खिशात टाकल्या.

दुसरा प्रश्न त्याचा. आपल्याला भांडता येतं का? अमरावतीला, छत्री तलावाच्या काठावर ते भेटले. भांडायला खरा विषय हवा, खोटंखोटं नको, असं तोच म्हणाला. खरा विषय एकच होता, राहायचं कुठे. आधी दोघं फार सभ्यपणे बोलले. तिने सांगितलं, ही नोकरी तिने स्वतः मिळवलेली आहे, पुण्यातून परतल्यावर पहिला श्वास तिने त्या ऑफिसात घेतला होता, ती अमरावती सोडणार नाही. तो म्हणाला, बाबांना इकडे गमणार नाही, अन् प्रयोगशाळा उचलून आणता येत नाही. "रोज येणं-जाणं करा की मग." "तुमी करा ना मंग, तुमचं काम तर घरून बी होते." "म्हणजे माझं काम ते काम नाही का?" "असं कधी म्हटलं मी?" आणि मग केव्हातरी तुमचं तू झालं. त्याचा आवाज चढला. पलीकडे कणीस खात बसलेलं जोडपं वळून बघायला लागलं. "तुले सारं मोजून-मापून पाह्यजे! माणूस का कापूस हाये, काट्यावर टाकाले?" त्याचे मोठे कान लालबुंद झाले होते. गीतांजलीला भीती वाटली आणि भीतीच्या मागोमाग, तिलाच न कळणारं, एक कुतूहल. हा ओरडतो. ओरडून झालं की पुढे काय करतो? "मले मोजू देलं असतं तर पह्यल्या वक्ताले वाचली असती मी!" तीही ओरडली. आपल्या तोंडून मले बाहेर पडलं हे तिला ओरडून झाल्यावर ऐकू आलं. किशोर एक पाऊल मागे सरकला. तो बाटलीतलं पाणी प्यायला, त्याने बाटली तिच्यापुढे धरली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "हे पाह्य. साधना असती तर—"

आणि अलार्म वाजला.

नियम तिचा होता. दोघं तसेच थांबले. त्याने तोंड मिटलं, मान हलवली आणि तो बसस्टँडकडे निघून गेला.

ते अर्धं वाक्य घेऊन गीतांजलीने पुढचे दिवस कसे काढले हे तिचं तिलाच माहीत. ऑफिसात पडद्यावर ओळी दिसत होत्या, त्यांच्या शेवटी तिला ते वाक्य दिसत होतं. साधना असती तर भांडण झालं नसतं. साधना असती तर तिने अकोलाच निवडलं असतं. साधना असती तर मी इथे आलोच नसतो. ती पोळी लाटताना एक शेवट जोडायची, भाजताना मोडायची. यात मत्सर होता का, हे तिने प्रामाणिकपणे तपासलं. थोडा होता. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, लहानपणी वाफ्यात नवीन कोंब दिसला की हा कशाचा म्हणून ती तिथेच उकिडवी बसून राहायची, तसलं. पुण्यात तिने नवऱ्याच्या गप्पपणात असल्या शेकडो वाक्यांची कल्पना केली होती, पण ती सगळी तिच्याच विरुद्धची होती आणि पुढचं वाक्य ऐकायला ती कधीच उत्सुक नव्हती. आता ती उत्सुक होती. फोन करून विचारता आलं असतं. तिने दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. मागचं पुढच्या भेटीत आणायचं नाही, हे ठरवताना आपण कुणाचं रक्षण करत होतो, असा प्रश्न तिला पडला, आणि त्याचं उत्तर तिला फारसं आवडलं नाही.

तानुबाईचा फोन आला, "काय चाललं तुमचं? मूर्तिजापुरात बसून राह्यता म्हणे फलाटावर. गाड्या पाह्यता का?"

"हो आई. पाहून राह्यलो."

"लग्न करून पाह्यजा मंग किती बी."

"एकदा तसंच केलं होतं ना."

तानुबाई म्हणाली, "हव. ते बी खरं हाये." आणि आईच्या तोंडून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, वाया हा शब्द आला नाही.

तिसरा प्रश्न खरं तर गीतांजलीचा होता, पण किशोरने तो मागून घेतला. तिने अकोल्याला घरी यावं, आणि तासभर तो बाहेर जाईल. "माह्याबिगर तुले या घरात बसता येते का, ते पाह्य," तो म्हणाला. दुपारचं ऊन अंगणात पांढरं पडलं होतं. त्याने अलार्म लावला, मोबाइल दिवाणावर ठेवला, सरळ ठेवलेल्या चपला पायात घातल्या आणि गेला. खुशालराव पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "बाई, चहा येते का तुले? किशोरचा चहा म्हणजे निस्तं पाणी."

स्वयंपाकघर स्वच्छ होतं. दूध होतं, आलं होतं, चहापत्ती हाताशी होती. साखर मात्र दिसेना. "वरच्या फळीवर हाये," खुशालरावांनी बसल्या जागेवरून सांगितलं. "स्टूल घे. आमी बी स्टूलच घेतो." फळी खरंच फार उंच होती. गीतांजलीने चवड्यांवर उभं राहून बघितलं, बोटं टेकली नाहीत. "एवढ्या वर कोणी लावली?" "सूनबाईनं. लय उंच होती ते. आमच्या सगळ्याइच्या डोक्यावरून पाह्ये." "मग नंतर खाली का नाही घेतली?" बाहेर खुर्ची करकरली. म्हातारा उठून दाराशी आला होता. "आता काय सांगू," ते म्हणाले. "मले वाटे, किशोरले वाईट वाटीन. किशोरले वाटे, मले वाटीन. कोणी म्हटलंच नाही."

ती स्टुलावर चढली. साखरेचा डबा हातात आला, पण ती लगेच उतरली नाही. त्या उंचीवरून स्वयंपाकघर निराळंच दिसत होतं. फ्रिजच्या माथ्यावरची धूळ दिसत होती, दारामागच्या खुंटीवर लटकलेली एक जुनी चाळणी दिसत होती. ती ज्या बाईला कधी भेटली नव्हती आणि भेटणार नव्हती, तिच्या डोळ्यांच्या जागी आपले डोळे आले आहेत, हे तिच्या ध्यानात आलं आणि अंगावर बारीक शहारा आला. भीतीचा नव्हे. अनोळखी घरात शिरल्यावर तिथला वास कळतो, तसं काहीतरी कळल्याचा. खिडकीच्या वरच्या गजांमधून कंपाउंडच्या भिंतीपलीकडचा रस्ता दिसत होता, इस्त्रीवाल्याची टपरी, लिंबाचं झाड. म्हणजे साधनाला पोळ्या करता करता घरी येणारा माणूस दुरूनच दिसत असणार. आणि त्या लिंबाखालच्या नालीच्या कठड्यावर किशोर बसला होता.

तो कुठेही गेला नव्हता. गुडघ्यांवर कोपरं टेकून, हात लोंबते सोडून, तो घराकडे तोंड करून बसला होता. कुणी बघत नाही असं वाटतं तेव्हा माणसाचा चेहरा कसा असतो, हे गीतांजलीने आजवर कधी पाहिलं नव्हतं. तो घाबरलेला दिसत होता. शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला आत सोडून फाटकाशी थांबलेल्या बापासारखा. आत तिची नाही, त्याचीच परीक्षा चाललेली होती.

दिवाणावर अलार्म वाजला. खुशालरावांना तो बंद करता येईना, तो वाजत राहिला आणि मग आपोआप थांबला. किशोर जागचा हलला नाही. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं आणि मोबाइल इथे होता. वेळ संपला होता; गीतांजलीला पर्स उचलून स्टेशनची ऑटो पकडता आली असती. तिने खाली उतरून चहा केला. खुशालरावांना दिला, आपणही त्यांच्यासमोर बसून घेतला. ते तिला तुरीच्या भावाबद्दल सांगत होते आणि ती ऐकत होती. मग तिने आपणहून कुकर लावला.

ऊन भिंतीवरून सरकून गेलं तेव्हा किशोर आला. कुकरची शिटी ऐकून तो दारातच थबकला. "तास झाला असन ना?" त्याने विचारलं.

"केव्हाच."

"मंग गेली काहून नाही तू?"

"मले एक इचाराचं होतं." ती ओट्याला टेकून उभी होती. "नियम मोडून इचारतो. साधना असती तर काय?"

किशोरने हातपाय धुतले, टॉवेल घेतला, तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. "मलेच माहीत नाही," तो म्हणाला. "तोंडातून निघालं ते. पुढं काय येईन हे मी बी पाहूनच राह्यलो होतो, तेवढ्यात ते वाजलं. मंग आठ दिवस जोडून पाह्यलं. एक बी बसत नाही. ते असती तर तू नसती, अन् तू नसती तर मी कोणाशी भांडत होतो? आता लिंबाखाली बसलो तवा बी तेच करून राह्यलो होतो."

गीतांजलीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, कुठलं आधी आलं ते तिला सांगता आलं नसतं. दोन शहरांत दोन माणसं एकाच तुटक्या वाक्याला शेवट जोडत बसली होती आणि दोघांनाही तो सापडला नव्हता.

ताटं मांडली. वरण-भात, आदल्या दिवशीची मिरचीची चटणी, कांदा. खुशालरावांनी पहिला घास घेतला, वर पाणी घेतलं आणि सुनेचा, मुलाचा, कशाचाच आडपडदा न ठेवता विचारलं, "मंग बाई? पसंत हाये का आमचा पोरगा?"

किशोरचे कान लाल झाले. गीतांजलीने भात कालवायचा थांबवला. राहायचं कुठे हे ठरलेलं नव्हतं. तो ओरडेल, तीही ओरडेल. फळीचं काय करायचं तेही कुणी बोललं नव्हतं. कितीतरी गोष्टी तिला ठाऊक नव्हत्या आणि त्यांतली एकही नकोशी वाटत नव्हती.

"हव," ती म्हणाली. "पसंत हाये."

"मले तर कोणी इचारलंच नाही," किशोर ताटात बघत म्हणाला.

"इचारू?"

"इचार ना."

"पसंत हाये का मी तुले?"

विचारून झालं आणि तिच्या लक्षात आलं की याचं उत्तर आपल्याला खरोखरच माहीत नाही. ती पुढे वाकून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्याने घास गिळला.

"मले भेव वाटते," तो म्हणाला.

"मले बी वाटते."

"मंग हव," किशोर म्हणाला, आणि खुशालरावांनी आपलं ताट पुढे सरकवलं, "वाढ रे भात."